वाढलेले तेल

मध्यमवर्गीय माणसाच्या घरात आपोआप वाढणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात. विजेचे बिल वाढते, रक्तदाब वाढतो, नको त्या पाहुण्याचा मुक्काम वाढतो. बाकी डब्यातला गूळ, बरणीतले लोणचे, बँकेतली शिल्लक आणि डोक्यावरचे केस यांचा स्वभाव कमी होण्याचाच. म्हणून २०२२ च्या ऑगस्टमधल्या एका सकाळी माझ्या मोटारीच्या इंजिनातले तेल, मी त्यात एक थेंबही घातलेला नसताना, पट्टीवरच्या वरच्या खुणेच्याही वर गेलेले दिसले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मी घरात येऊन सौभाग्यवतीला म्हटले, "बघ! लोकांच्या गाड्या तेल पितात. आपली गाडी तेल साठवते!"

चौतीस वर्षे मी हिशेब तपासण्याची नोकरी केली. जमेच्या बाजूला नोंद नसताना शिल्लक वाढलेली दिसली, तर हिशेबनिसाने आधी घाबरावे आणि मग शोध घ्यावा, हे मी कचेरीत नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलाला पढवीत आलो. आणि स्वतःच्या दारात तोच प्रकार घडला, तेव्हा मी त्याला लक्ष्मीची कृपा समजलो! ती चूक मला कशी भोवली, आणि माझ्यापेक्षा माझ्या सासूबाईंना कशी भोवली, तेच सांगायचे आहे.

त्याचे असे झाले. २०२० च्या दसऱ्याला आम्ही गाडी घेतली. आमची जुनी गाडी लहान आणि बसकी होती. तिच्यात बसायचे म्हणजे खाली वाकून स्वतःला आत सोडून द्यावे लागे, आणि बाहेर यायचे म्हणजे कोणी तरी हात द्यावा लागे. आम्हां दोघांचे गुडघे एव्हाना बोलू लागले होते. चिपळूणला एकट्या राहणाऱ्या माझ्या सासूबाईंचे गुडघे तर कधीच बोलून बोलून थकले होते. "आईला सहज बसता येईल अशी गाडी बघा," एवढीच हिची अट होती. म्हणून आम्ही ती उंच बैठकीची, रुबाबदार, पण चार मीटरच्या आत बसणारी गाडी पसंत केली. तिला सगळे 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' म्हणतात. दिसायला जीपची धाकटी बहीण, आणि उभी करायला जागा मात्र आपल्या नेहमीच्या गाडीएवढीच.

ही चार मीटरची भानगड मला त्या वेळी दुकानातल्या चुणचुणीत मुलाने समजावून सांगितली. २००६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात लहान मोटारींवरचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला गेला. लहान कोणती, तर लांबी ४ मीटरपेक्षा जास्त नाही, आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० घनसेंटिमीटरपर्यंत, डिझेलचे असल्यास १५०० पर्यंत. पुढे अबकारी जाऊन जीएसटी आला, २०२५ च्या सप्टेंबरात त्याचाही दर बदलला. पण ही मापे काही हलली नाहीत. म्हणूनच आपल्याकडच्या अशा गाड्यांचा मागचा भाग एकदम कापल्यासारखा दिसतो. शिंप्याने कापड पुरत नाही म्हणून सदरा आखूड करावा, तसा! एवढ्याशा इंजिनाकडून मोठ्या गाडीचे काम करून घ्यायचे, तर त्याच्यावर टर्बो बसवायचा, म्हणजे बाहेरची हवा दाबून आत कोंबायची. छोट्या कारकुनावर मोठ्या साहेबाचे काम टाकावे, त्यातलाच प्रकार.

आता पेट्रोल की डिझेल? ही म्हणाली, "पेट्रोल घ्या. आपण जाणार कुठे? मंडई, बँक आणि सारसबागेचा गणपती." पण माझ्यातला हिशेबनीस जागा झाला होता. डिझेल स्वस्त, शिवाय लिटरमागे अंतर जास्त! गाडीची किंमत एक लाखाने जास्त होती खरी, पण ते पैसे वसूल होतील असे मी ठासून सांगितले. किती दिवसांत, हे मात्र मी कागदावर मांडले नाही. मांडले ते दोन वर्षांनी, सारे घडून गेल्यावर. पेट्रोलच्या गाडीला किलोमीटरमागे सुमारे ७ रुपये पडले असते, डिझेलच्या गाडीला ४ रुपये ६५ पैसे. आमची गाडी दोन वर्षांत साडेचार हजार किलोमीटर धावली होती. त्या वेगाने तो एक लाख वसूल व्हायला अठरा वर्षांहून अधिक काळ लागला असता. तेव्हा मी ऐंशी ओलांडलेली असती, आणि गाडीने कधीच राम म्हटला असता!

ते काही असो, गाडी दारात आली आणि आमचे दिवस मजेत जाऊ लागले. कोथरूडहून मंडई, मंडईहून घर. घर ते बँक. बँक ते दवाखाना. एका वेळी तीन-चार किलोमीटर, तेही सिग्नलमागून सिग्नल. "एकदा मोकळ्या रस्त्याने लांब जाऊ," असे आम्ही दर रविवारी म्हणत असू आणि दर रविवारी काही तरी निघे. चिपळूणला जाणे तर ठरलेलेच होते. पण आधी करोना, मग पाऊस, मग घाट बंद, मग कोणाचे तरी लग्न.

दुसऱ्या वर्षी गाडीच्या पुढच्या फळीवर एक पिवळा दिवा अधूनमधून लागू लागला. त्यावरचे चित्र मोठे गमतीचे होते. एक आडवा डबा आणि त्यात ठिपके. ही म्हणाली, "तिळगुळाचा डबा दिसतोय." संक्रांत जवळ आली होती, त्यामुळे आम्ही दोघेही हसलो. दिवा दोन दिवसांनी आपोआप गेला. पुन्हा लागला, पुन्हा गेला. मग मी गाडी कंपनीच्या कार्यशाळेत नेली. तिथे स्वच्छ गणवेशातल्या मुलाने गाडीला संगणकाची नळी जोडली, दोन बटणे दाबली, दिवा घालवला आणि "गाडी एकदम ओके आहे, काका," असे सांगून माझ्या हातात अडीच हजारांचे बिल ठेवले. डॉक्टरांनी ताप मोजण्याऐवजी थर्मामीटर झटकून द्यावा, तसे काहीसे मला वाटले; पण गणवेश आणि संगणक यांच्यापुढे आपली जीभ कुठे वळते?

आमच्या सोसायटीत त्याच गाडीचे आणखी तीन मालक होते. रविवारी सकाळी गाड्या पुसताना आमची एक बैठकच भरू लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या बँकेतल्या गृहस्थांची डिझेल. त्यांचाही तिळगुळाचा डबा लागे. चौथ्या मजल्यावरच्या औषधविक्रेत्यांची डिझेलच. पण ते दर आठवड्याला कामासाठी नाशिकला जात, त्यांना कधी काही झाले नाही, आणि म्हणून आम्ही सगळे कुरकुरे आहोत असे त्यांचे मत होते. निवृत्त प्राध्यापकांची पेट्रोलची. ती चढावर आचके देई. त्यांना कार्यशाळेत सांगितले होते, "सर, तुमचा पाय क्लचवर नीट पडत नाही." चाळीस वर्षे गाडी चालविणाऱ्या माणसाला हे ऐकावे लागले, तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पुढे तिसऱ्या खेपेला इंजिन उघडले, तर हवा आत घेणाऱ्या झडपांवर काळ्या चिकट थराची पुटे निघाली. ज्या पेट्रोल इंजिनांत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारतात, त्यांच्या त्या झडपा पेट्रोलने धुतल्या जात नाहीत, आणि त्यामुळे तिथे असा थर साचू शकतो. क्लचवरचा पाय निर्दोष सुटला. पण 'चुकले' असे त्यांना कोणी म्हटले नाही. माणसाला दुरुस्तीच्या खर्चापेक्षा हेच अधिक लागते. गाडी बिघडली याचे दुःख निराळे, आणि आपण खोटे बोलतो आहोत असे समोरच्याला वाटते, याचे निराळे.

आणि मग ऑगस्टमध्ये ते तेल वाढले, आणि मी खूश झालो.

आता सासूबाईंविषयी सांगायला हवे. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले, ते तुम्ही वाचले असेल. सासूबाईंच्या घरातही पाणी आले. शेजाऱ्यांनी त्यांना वेळेवर आपल्या माडीवर नेले, म्हणून निभावले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईंनी ती रात्र परक्या माडीवर ओल्या लुगड्यात काढली. त्या दिवसापासून हिचा घोशा सुरू झाला, "आई, आता पुण्याला ये." सासूबाई ऐकेनात. "माझे देव इथे आहेत, तुळस इथे आहे, मी तिथे तिसऱ्या मजल्यावर बसून काय करू?" वर्षभर हे चालले. शेवटी २०२२ च्या नवरात्रात त्यांनी फोनवर सांगितले, "बरं. दसरा झाला की न्यायला या." ही फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही पहाटे निघालो. तिळगुळाचा डबा त्या वेळी सलग आठ दिवस लागलेला होता. पण गाडी 'एकदम ओके' आहे, हे मला अडीच हजार रुपये देऊन कळलेले होते! खेड-शिवापूर गेले, शिरवळ गेले, आणि खंबाटकीचा घाट सुरू झाला. पहिले वळण चढलो असेन-नसेन, तोच तिळगुळाच्या डब्याशेजारी आणखी एक दिवा लागला, इंजिनाच्या चित्राचा. आणि गाडीतली ताकद कोणी हाताने काढून घ्यावी, तशी गेली. पाय तळापर्यंत दाबला तरी गाडी माणसाच्या धावेएवढी चालेना. मागून मालट्रक भोंगे वाजवीत येत होते. एकाच्या मडगार्डाने आमचा आरसा जवळजवळ पुसला. ही एक शब्दही बोलली नाही. तिने फक्त हातातली पर्स घट्ट धरली. पहिल्या गिअरमध्ये रांगत रांगत आम्ही माथा गाठला, पलीकडे उतरलो आणि सुरूरच्या फाट्यावर एका हॉटेलसमोर गाडी उभी केली. इंजिन स्वतःला जपण्यासाठी असे लंगडी घालते, हे मला नंतर समजले. त्या वेळी एवढेच समजले की, पुढे कुंभार्लीचा घाट उतरून चिपळूणला जाणे आणि सासूबाईंना बसवून तोच घाट चढणे आता शक्य नाही. गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर चढवून पुण्यास परत आली, आणि तिच्या मागून आम्ही एसटीने.

हॉटेलच्या दारातूनच हिने आईला फोन लावला. पलीकडे सासूबाई सामान बांधून ओसरीवर बसल्या होत्या. शेजारणीला किल्ली देऊन झाली होती. पहाटे पूजा करून त्यांनी देव लाल फडक्यात गुंडाळून पितळी डब्यात ठेवले होते. सगळे ऐकून त्या शांतपणे म्हणाल्या, "असू दे हो. तुम्ही सांभाळून परत जा." दुसऱ्या दिवशी हिने पुन्हा फोन केला आणि भाड्याची गाडी करून येतो म्हणून सांगितले. तेव्हा त्या म्हणाल्या, "नको. देव एकदा उठवले आणि संध्याकाळी परत बसवले. आता पुन्हा नाही उठवायची मी." त्यानंतर त्या विषयावर त्या बोलल्या नाहीत. हीही बोलली नाही. तिने मला दोष दिला असता, तर बरे वाटले असते.

कार्यशाळेने या खेपेला जाळी बदलावी लागेल असे सांगितले. आकडा ऐकून मी गाडी तिथून उचलली आणि नाना पेठेतल्या माझ्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. सत्तरीचे गृहस्थ. तरुणपणी खेडोपाडी फिरून विहिरीवरची इंजिने दुरुस्त करीत असत. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची ती इंजिने. त्यांचा टुकटुक आवाज ज्यांनी लहानपणी शिवारात ऐकला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. मिस्त्रींनी संगणक लावला नाही. त्यांनी तेलाची पट्टी बाहेर काढली, खुणेच्या वरचे तेल पाहिले आणि पट्टी माझ्या नाकाशी धरली. "साहेब, वास घ्या." मी घेतला. तेलाला डिझेलचा वास येत होता.

"हे तेल वाढलेलं नाही," मिस्त्री म्हणाले, "यात डिझेल उतरलंय. दुधात पाणी घातल्यावर दूध वाढतं, तसं."

मग त्यांनी स्टुलावर बसून मला जो पाठ दिला, तो गाडी घेताना कोणी दिला असता तर! १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला. मोटारीच्या डिझेल इंजिनातून किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमपर्यंत काजळी सुटलेली पूर्वी चाले, आता ४.५ मिलिग्रॅमच चालते. ती अडवायला धुराच्या वाटेवर एक जाळी बसवितात. जाळी म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्यांचा चिनीमातीचा ठोकळा. एक नळी पुढून उघडी तर मागून बंद, तिच्या शेजारची मागून उघडी तर पुढून बंद. धूर भिंतीतून झिरपून निघून जातो, काजळी मागे राहते. डब्यातले ठिपके म्हणजे तीच. जाळी भरत आली की गाडी ती काजळी जाळून टाकते. पण त्यासाठी जाळी सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावी लागते, आणि पंधरा-वीस मिनिटे तशीच राहावी लागते. तापवायला इंजिन थोडे जादा डिझेल उशिराने सोडते. मोकळ्या रस्त्यावर हे काम आपल्याला कळतही नाही. पण मंडई आली म्हणून आपण मध्येच इंजिन बंद केले, तर काजळी अर्धीच जळते, आणि ते जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून तेलात उतरते. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. जाळी भरत राहते, तेल वाढत राहते आणि पातळ होत राहते. पातळ तेलावर टर्बोचा दांडा आणि इंजिनाची बेअरिंगे फार दिवस तग धरीत नाहीत.

"म्हणजे गाडीत दोष नाही?" मी विचारले.

"गाडी लांबच्या रस्त्याची आहे, साहेब. तुम्ही तिला घरात कोंडून ठेवली. बैलाला गोठ्यातच बांधून ठेवला, तर त्याचेही पाय सुजतात."

मिस्त्रींचा एक तरुण शागीर्द जवळच उभा होता. तो हळूच म्हणाला, "काका, जाळी आतून पोकळ करून देतो. संगणकालाही तसं शिकवतो. दिवा जन्मात लागणार नाही." खरे सांगतो, क्षणभर मला मोह झाला. कायमची सुटका! पण आमच्या तळमजल्यावर एक सहा वर्षांचा मुलगा राहतो. थंडीत त्याला दम लागतो आणि त्याची आई गॅलरीत उभी राहून त्याच्या तोंडाला फवाऱ्याची नळी लावते. माझी गाडी रोज त्याच गॅलरीखाली सुरू होते. जाळीत अडकलेली ती काजळी माझ्या डोक्याला ताप असेल, पण ती जाळीत आहे म्हणून त्याच्या छातीत नाही. मी नको म्हटले. मिस्त्रींनी शागिर्दाकडे असे पाहिले की, तो मुकाट्याने पाना घेऊन दुसऱ्या गाडीखाली गेला.

शेवटी मिस्त्रींच्या ओळखीच्या एकाने यंत्र लावून, गाडी उभी ठेवूनच, ती काजळी जाळून दिली. तेल आणि त्याचा फिल्टर बदलला. साडेअकरा हजार रुपये गेले. जाळी वाचली.

घरी येऊन मी गाडीसोबत आलेले जाडजूड पुस्तक प्रथमच उघडले. सगळे लिहिले होते हो त्यात! डब्याचा दिवा लागल्यास गाडी काही वेळ एकसारख्या वेगाने चालवावी, मध्ये बंद करू नये. तेल खुणेच्या वर गेल्यास ताबडतोब दाखवावे. अक्षर इतके बारीक की, चष्म्यावर भिंग धरून वाचावे लागले. पण लिहिले होते. तेव्हा माझा दोष मी नाकारीत नाही. चौतीस वर्षे दुसऱ्यांची पुस्तके तपासली, स्वतःचे एक उघडले नाही.

पण मग दुकानातल्या त्या चुणचुणीत मुलाचे काय? त्याने मला रंग विचारला, हप्ते किती हवेत ते विचारले, नंबर कोणता हवा तेही विचारले. "काका, तुम्ही रोज किती किलोमीटर जाता?" हा एक प्रश्न विचारला नाही. मी खरे उत्तर दिले असते, आणि त्या उत्तराने त्याने मला पेट्रोलच्या गाडीकडे वळविले असते, तर त्याचे लाखभर कमी झाले असते. आणि कार्यशाळेतल्या त्या मुलाने दिवा घालविण्याऐवजी तो का लागला, हे दोन वाक्यांत सांगितले असते, तर त्या रविवारी सासूबाई पुण्यात आल्या असत्या. देशातली सर्वांत जास्त मोटारी विकणारी मारुती-सुझुकी २०२० च्या एप्रिलपासून डिझेलच्या वाटेला गेली नाही. नव्या नियमात लहान डिझेल गाडी परवडत नाही, हे त्यांनी आधीच सांगितले होते. ज्यांनी ती विकली, त्यांनी निदान ती कोणाच्या उपयोगाची आणि कोणाच्या नाही, एवढे तरी सांगायला हवे होते. दोष लोखंडात नसेलही. पण न विचारलेला प्रश्न हाही एक दोषच असतो, आणि त्याची हमी कुठल्याच कागदावर नसते.

आम्ही चौघांनी मिळून कंपनीला पत्र लिहिले. मसुदा माझा, इंग्रजी प्राध्यापकांचे. सही करायला नाशिकवाले औषधविक्रेतेही आले, याचे मला विशेष वाटले. कुरकुर नाही, शिवीगाळ नाही. एवढेच की, गाडी विकण्याआधी गिऱ्हाइकाला रोजचे अंतर विचारावे, आणि दिवा घालविण्याआधी त्याचा अर्थ सांगावा. उत्तर आले. आमच्या बहुमोल सूचनांबद्दल आभार मानलेले होते. बँकेतल्या गृहस्थांनी पुढच्या महिन्यात गाडी विकली. विकताना मात्र घेणाऱ्याला त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही रोज किती किलोमीटर जाता?"

आमच्या गाडीला मिस्त्रींनी पथ्य लिहून दिले. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्याने अर्धा तास, एका लयीत. अर्ध्या वाटेत बंद करायचे नाही. मंडईला रिक्षाने किंवा पायी. आणि महिन्यातून एकदा खरोखर लांब. "लांब म्हणजे कुठे?" मी विचारले. ही शेजारीच उभी होती. ती पटकन म्हणाली, "चिपळूण."

तेव्हापासून आम्ही दर महिन्याला चिपळूणला जाऊ लागलो. जे मुलीच्या मायेने जमले नव्हते, सणावारांनी जमले नव्हते, पुराने सुद्धा जमविले नव्हते, ते एका जाळीच्या काजळीने जमविले. सासूबाई दारात येऊन म्हणत, "या जावईबापू! झालं का गाडीचं औषध?" आणि शेजारणीला सांगत, "माझ्यासाठी नाही हो येत ही माणसं. गाडीला हवापालट लागतो." त्यांच्या हसण्यात थोडी टोचणी असे, आणि ती माझ्या वाट्याची होती.

कायमच्या राहायला त्या आल्या नाहीत. देव पुन्हा उठवायचे नाहीत म्हणजे नाहीत. पण २०२३ च्या मार्चमध्ये डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस आल्या. शेजारीण पूजा करणार होती. उंच बैठकीवर हाताच्या आधाराशिवाय चढून बसल्या आणि म्हणाल्या, "बरी आहे हो तुमची गाडी." कुंभार्ली चढलो, पाटण गेले, उंब्रजला मोठ्या रस्त्याला लागलो, सातारा मागे पडला. कात्रजचा बोगदा ओलांडला, तेव्हा पंख्याचा आवाज वाढला होता आणि इंजिन नेहमीपेक्षा जरा जड गुरगुरत होते. मी आता ओळखायला शिकलो होतो. काजळी जळत होती, आणि काम अर्ध्यावर आलेले होते.

वारज्याचे वळण आले. घर तिथून दहा मिनिटांवर. मी वळलो नाही. सरळ चांदणी चौकाच्या दिशेने निघालो.

"अहो, वळण गेलं!" ही म्हणाली, मग आवाज ऐकून तीही गप्प झाली.

मागून सासूबाईंनी विचारले, "काय झालं?"

"काही नाही, आई," मी म्हटले, "गाडीचं काम अजून पुरं व्हायचं आहे. मध्येच थांबवलं तर बिघडेल."

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिले. संध्याकाळ झाली होती आणि टेकडीवर एकेक दिवा लागत होता.

"मग जाऊ द्या पुढे," त्या म्हणाल्या, "मला कुठं घाई आहे?"